कॉर्न स्नेकचं पिल्लू घरी आणताय? पहिल्या वर्षाची तयारी

इकडे ब्रिटनमध्ये किंवा अमेरिकेत वाढणाऱ्या आपल्या मुलांनी एकदा तरी एखाद्या मित्राकडे पाळलेला साप हातात घेतलेला असतो. मग घरी मागणी सुरू होते. आई-बाबांचा पहिला धक्का ओसरला, की दुकानदार बहुतेक वेळा कॉर्न स्नेक सुचवतो. हा सल्ला योग्यच आहे. पहिला साप पाळायचा तर याच्याइतका समजूतदार प्राणी क्वचितच मिळेल.

पँथेरोफिस गुट्टाटस हे त्याचं शास्त्रीय नाव. मूळचा तो अमेरिकेच्या आग्नेय भागातला: पाइनची रानं, शेतं, धान्याची कोठारं आणि त्यांतले उंदीर. तो बिनविषारी आहे आणि भक्ष्याला वेटोळ्यात आवळून मारतो. आपल्याकडचा तस्कर हा त्याचा दूरचा भाऊबंद. पूर्वी दोघांना एकाच प्रजातीगटात, ‘एलाफे’मध्ये धरत. अंड्यातून निघालेलं पिल्लू २० ते ३० सेंटिमीटर लांब आणि पेन्सिलीएवढं जाड असतं, वजन जेमतेम ६ ते ८ ग्रॅम. पूर्ण वाढलेला साप ३ ते ५ फुटांचा होतो आणि १५–२० वर्षं सहज जगतो. म्हणजे आज दहा वर्षांचं लेकरू उद्या शिकायला बाहेरगावी जाईल, साप मात्र तुमच्याकडेच राहील. हा हिशोब आधी करा.

माझं मत सुरुवातीलाच सांगते. या पिल्लांचे हाल उपासमारीनं कमी आणि हौसेनं जास्त होतात. रोज हातात घेणं, दर दोन दिवसांनी खायला देऊन बघणं, पेटीतल्या वस्तू हलवणं, पाहुण्यांना दाखवणं. खाली जे सांगितलंय त्यातलं निम्मं काम पिल्लू येण्याआधीच संपतं. उरलेलं बरंचसं काम म्हणजे हात आवरणं.

कायदा आणि घरातली माणसं

ब्रिटनमध्ये कॉर्न स्नेक पाळायला परवाना लागत नाही. अमेरिकेत मात्र राज्यागणिक नियम बदलतात. जॉर्जियात तो तिथलाच रानटी साप असल्यामुळे पाळता येत नाही. न्यू जर्सीत तो रानात संकटग्रस्त आहे, तेव्हा एडिसन-प्लेन्सबरोकडच्या मंडळींनी परवान्याचे नियम बघितल्याशिवाय पाऊल टाकू नये. हवाईत कुठलाही साप पाळायला बंदी आहे. ऑस्ट्रेलियातही कॉर्न स्नेक ठेवता येत नाही.

सुट्टीत भारतात जाताना साप सोबत नेण्याचा विचार तर मनातही आणू नका. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटं-केकच्या पुड्यांत लपवलेले साप पकडले गेले. त्यात बॉल पायथनसोबत कॉर्न स्नेकही होते. आणि भारतातले देशी साप, मग ती धामण असो वा तस्कर, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. ते घरी पाळणं हा गुन्हा आहे.

कायद्यानंतर स्वयंपाकघर. हा साप उंदीर खातो. दुसरं काहीही खात नाही असं समजा. पनीर नाही, अंडं नाही, आणि नागपंचमीला काहीही सांगत असले तरी दूध तर नाहीच. म्हणजे गोठवलेल्या उंदरांची पाकिटं घरात येणार. शाकाहारी घरात, त्यातून आजी-आजोबा सहा महिने राहायला येणार असतील, तर हा विषय साप आणण्याआधी काढा, नंतर नाही. गॅरेजमध्ये छोटा वेगळा फ्रीझर ठेवणं सगळ्यात उत्तम. हे केवळ सोवळं-ओवळं नाही. गोठवलेल्या उंदरांतून आणि सरपटणाऱ्या प्राण्यांतून साल्मोनेलाचा संसर्ग होऊ शकतो. म्हणूनच पाच वर्षांखालची मुलं, पासष्टीपुढची माणसं किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेलं कुणी घरात असेल, तर असे प्राणी न पाळण्याचा सल्ला अमेरिकेची आरोग्य यंत्रणा देते. तुमच्या घरात काय करायचं ते तुम्ही ठरवा, पण माहीत असून ठरवा.

पेटी

पिल्लासाठी पहिलं वर्षभर झाकणाची प्लास्टिकची पेटी पुरते: लांबी साधारण ५० सेंटिमीटर, रुंदी ३० च्या आसपास, झाकणाला दोन्ही बाजूंनी घट्ट बसणाऱ्या कड्या. हवेसाठी बाजूंना भोकं पाडा, ती ३–४ मिलिमीटरपेक्षा मोठी नकोत. डोकं आत गेलं की अख्खं पिल्लू बाहेर गेलंच म्हणून समजा. काचेची टाकी घेणार असाल तर जाळीचं झाकण क्लिपांनी बंद होणारं हवं. वर पुस्तक ठेवून भागत नाही.

सुरुवातीलाच १२० सेंटिमीटरची मोठी पेटी घेतली तर? चालते, पण ती गच्च भरलेली हवी. मोकळं मैदान दिसलं की पिल्लू बावरतं आणि खाणं सोडतं. पूर्ण वाढीला तेवढी जागा लागणारच आहे. साधारण १२० × ६० × ६० सेंटिमीटर.

आत काय हवं ते सांगते. तळाला पहिले काही आठवडे साधा किचन पेपर. दिसायला रुक्ष, पण शी दिसते, उलटी दिसते, पिसवा-गोचिडीसारखं काही असलं तर तेही दिसतं. खाणं-शी सुरळीत झालं की अ‍ॅस्पेनचा भुसा घाला, चांगला दोन-तीन इंच, म्हणजे त्याला बिळं करता येतात. देवदार आणि पाइनचा भुसा घेऊ नका, त्यातली तेलं सापाच्या फुप्फुसांना त्रास देतात. वाळूही नको.

लपायच्या जागा किमान दोन हव्यात: एक गरम बाजूला, एक थंड बाजूला. त्या ऐसपैस नकोत. अंगाला चारी बाजूंनी भिंत टेकली की सापाला सुरक्षित वाटतं. गरम बाजूला एकच लपण ठेवलं, तर पिल्लू अंग तापलं तरी भीतीपोटी तिथून हलत नाही. थंड बाजूला एकच ठेवलं तर अन्न पचण्याइतकी ऊब त्याला मिळत नाही. दुकानातली महागडी गुहा हवीच असं नाही. नारळाची अर्धी करवंटी, उलटं ठेवलेलं दही-योगर्टचं डबडं कडेला दार कापून, टॉयलेट रोलच्या नळ्या, सगळं चालतं. मधली जागा प्लास्टिकच्या पानांनी आणि एखाद-दोन फांद्यांनी भरा. पाण्याचं भांडं जड, उथळ; पाणी रोज बदला.

उष्णता: इथे कंजूषी नको

सापाचं शरीर स्वतः ऊब तयार करत नाही. गरम बाजूला जाऊन पचवायचं, थंड बाजूला जाऊन निवायचं, असं तो दिवसभर करत असतो. त्यामुळे पेटीला दोन टोकं लागतात. गरम टोकाला तळाचं तापमान २८ ते ३० अंश सेल्सिअस, थंड टोकाला २२ ते २४. रात्री थोडं उतरलं तर हरकत नाही, पण २० च्या खाली नको. इकडच्या हिवाळ्यात मध्यरात्री हीटिंग बंद झालं की खोली १७–१८ अंशांवर येते, हे धरून चाला.

प्लास्टिकच्या पेटीला हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी पातळ चटई, सोपी पडते. ती तळाच्या एक तृतीयांश भागाखाली येईल अशी ठेवा, पूर्ण तळाखाली कधीच नाही. आणि मॅट थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान ठरवलेल्या आकड्यावर रोखणाऱ्या उपकरणाशिवाय, लावायची नाही. या वाक्याला अपवाद नाही. थर्मोस्टॅट नसलेली मॅट ४० अंशांच्या वर सहज जाते आणि साप पोटाखालच्या चटक्यापासून वेळेवर दूर होईलच याची खात्री नसते. भाजलेलं पोट बरं व्हायला महिने लागतात.

थर्मोस्टॅटची तार, म्हणजे प्रोब, पेटी आणि मॅट यांच्यामध्ये चिकटपट्टीनं पक्की करा. मग पेटीच्या आत, गरम लपणाच्या तळाशी, वेगळा डिजिटल थर्मामीटर ठेवा. आकडा वाचायचा तो या आतल्या थर्मामीटरचा. थर्मोस्टॅटवर ३२ लावल्यावर आत २९ दिसत असेल, तर ३२ हेच तुमचं योग्य सेटिंग. काचेवर चिकटवायच्या गोल काट्यांच्या थर्मामीटरवर पैसे घालवू नका. ते काचेचं तापमान सांगतात आणि तेही धड सांगत नाहीत. भुसा जाड घातला की आकडे पुन्हा तपासा.

लाकडी व्हिव्हेरियम (पुढून काच असलेली प्राण्यांची पेटी) असेल तर वरून ऊब देणारा सिरॅमिक हीटर किंवा डीप हीट प्रोजेक्टर बरा. त्याला जाळीचं संरक्षण आणि थर्मोस्टॅट दोन्ही हवंच. यूव्हीबी (अतिनील किरणांच्या) दिव्याशिवाय कॉर्न स्नेक पिढ्यान्‌पिढ्या नीट वाढलेत. तरी मंद शक्तीचा दिवा आणि सावलीच्या भरपूर जागा दिल्यात तर चांगलंच. दिवस-रात्रीचा फरक मात्र कळू द्या, बारा तास उजेड आणि बारा तास अंधार.

आर्द्रता ४० ते ६० टक्के. आपल्या घरांत ती बहुधा आपोआप असते.

हे सगळं लावून पिल्लू आणण्याआधी आठवडाभर रिकामी पेटी चालू ठेवा. पहाटे, दुपारी, रात्री आकडे बघा. साप आत असताना थर्मोस्टॅटचे प्रयोग करायचे नाहीत.

पिल्लू निवडताना

रंगांच्या नादात माणसं बाकीचं विसरतात. काळा रंगच नसलेला लाल-पिवळा अ‍ॅमेल, करडा अ‍ॅनेरी, पांढरट गुलाबी स्नो, मूळचा ठसठशीत ओकीटी... जातींची यादी संपत नाही. रंग आवडेल तो घ्या, पण विचारायचा प्रश्न एकच आहे: हे पिल्लू काय खातंय आणि किती वेळा खाल्लंय? गोठवून परत कोमट केलेली पिंकी (उंदराचं नवजात पिल्लू) त्यानं सलग चार-पाच वेळा तरी खाल्लेली असावी आणि विकणाऱ्यानं तारखांची नोंद दाखवावी. नोंद नसेल तर पिल्लू कितीही देखणं असलं तरी दुसरीकडे बघा. ‘सनकिस्ड’ वंशातलं घेत असाल, तर आई-वडिलांत ‘स्टारगेझर’ दोष नाही ना, हेही विचारा. त्या आनुवंशिक दोषात सापाचा तोल जातो आणि डोकं वर वळत राहतं.

हातात घेतल्यावर जीभ लपलपली पाहिजे, अंगाला पकड जाणवली पाहिजे, डोळे स्वच्छ हवेत, तोंडाभोवती बुडबुडे नकोत, शेपटीच्या मुळाशी वाळलेली घाण नको. कणा बाहेर आलेला दिसत असेल तर सोडून द्या. आणि एकच घ्या. ‘एकट्याला कंटाळा येईल’ म्हणून जोडी ठेवू नये. कॉर्न स्नेकला सोबत लागत नाही, उलट एका पेटीतली पिल्लं कधीकधी एकमेकांना गिळतात.

पहिला आठवडा

पेटीत सोडा, झाकण लावा, कड्या तपासा, निघून जा. पाच ते सात दिवस हात लावायचा नाही. पाणी बदलायला हात जाईल तेवढाच. दिवसा दिसणार नाही, ते बरोबरच आहे. हे प्राणी संध्याकाळी आणि पहाटे फिरतात. ‘जिवंत आहे का’ बघायला लपण उचलू नका. मुलांना हे सर्वांत कठीण जातं, म्हणून आकड्यांची वही त्यांच्या हाती द्या: दोन्ही टोकांचं तापमान, पाणी बदललं का, रात्री कुठे दिसलं. पुढे याच वहीत वजन आणि जेवण लिहायचं. पशुवैद्याकडे जायची वेळ आली तर ही वही फार उपयोगी पडते.

पहिलं जेवण

सहाव्या-सातव्या दिवशी पहिली पिंकी. पिंकी म्हणजे उंदराचं केस न आलेलं नवजात पिल्लू. सगळ्यात लहान आकाराचं मागवा, दीड-दोन ग्रॅमचं. मापाचा सोपा नियम असा: सापाच्या अंगाचा जाडात जाड भाग बघा, भक्ष्य तेवढंच किंवा फार तर त्याच्या दीडपट जाड असावं.

आदल्या रात्री पिंकी बंद पिशवीत घालून फ्रीझरमधून फ्रिजमध्ये उतरवा. खायला देण्याआधी ती पिशवी नळाच्या गरम पाण्यात दहाएक मिनिटं ठेवा. बाहेरून कोमट आणि आत बर्फ असं होऊ देऊ नका. बोटानं दाबून बघा. अंगाची ऊब जाणवेल इतकी गरम हवी, साधारण ३८ अंश. मायक्रोवेव्ह नाही: पिंकी शिजते किंवा फुटते. उकळतं पाणीही नाही. एकदा उतरवलेली पिंकी परत गोठवायची नाही.

संध्याकाळी दिवे मंद करा. लांब चिमट्यानं पिंकी धरून लपणाच्या तोंडाशी न्या आणि किंचित हलवा. पिल्लू मान वळवून एस आकार घेईल, झडप घालेल आणि एखादं वेटोळंही घालेल, मेलेल्याच भक्ष्याला. लगेच सोडून मागे सरा. घेतलं नाही तर नाकाशी नाचवत बसू नका. बाटलीच्या झाकणावर पिंकी ठेवा, पेटी बंद करा, सकाळी बघा. उरली असेल तर टाकून द्या.

वेगळ्या डब्यात नेऊन भरवायची जुनी पद्धत अजून बरेच जण सांगतात. भीती अशी की पेटीत भरवलं तर साप हाताला चावायला शिकतो. तसं होत नाही. उलट पोट भरलेल्या सापाला उचलून परत पेटीत ठेवणं हेच उलटीचं कारण ठरू शकतं. पेटीतच भरवा. जिवंत उंदीर देऊ नका; मोठा झालेला उंदीर सापाला चावून जखमी करतो.

जेवणानंतर ४८ तास हात लावायचा नाही. दोन-चार दिवसांत शी होते; त्यातला पांढरा खडूसारखा भाग ही लघवी, घाबरू नका.

पुढे दर ५ ते ७ दिवसांनी एक. महिन्यातून एकदा-दोनदा एक ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या वजनकाट्यावर वजन घ्या. हा काटा सापाचाच. लाडवाचं बेसन त्यावर मोजू नये. पंधरा ग्रॅमच्या पुढे मोठी पिंकी, तीसच्या आसपास थोडी लव आलेली फझी, ऐंशी-शंभर ग्रॅमला हॉपर, म्हणजे केस आलेलं, उड्या मारू लागलेलं पिल्लू. मोठं भक्ष्य सुरू झालं की मधलं अंतर वाढवायचं. प्रौढ सापाला दोन आठवड्यांतून एकदा पुरतं. आपल्याकडे खाऊ घालणं म्हणजे प्रेम, आणि त्यामुळेच मराठी घरांतले साप गोलमटोल दिसतात, असा माझा संशय आहे.

खात नसेल तर

आधी तापमान. दहातल्या बहुतेक तक्रारी तिथेच संपतात. मग डोळे बघा: दुधाळ निळसर असतील तर कात टाकायची वेळ आहे, आठवडाभर विसरून जा. दोन्ही ठीक असेल तर पेटी पाच-सहा दिवस पाणी बदलण्यापुरतीच उघडा आणि मग पुन्हा प्रयत्न करा. रोज प्रयत्न करणं सर्वांत वाईट.

अंगावर मांस असलेलं पिल्लू दोन-तीन आठवडे न खाता राहू शकतं. तरी हट्टी असेल तर क्रमानं जा. पिंकी वास नसलेल्या साबणानं धुऊन, खळबळून, कोमट करून द्या. जमलं नाही तर भोकं पाडलेल्या छोट्या डब्यात पिल्लू, पिंकी आणि कागदाचा तुकडा असं ठेवून तो डबा रात्रभर पेटीतच, गरम भागाच्या कडेला ठेवा. पुढचा उपाय किळसवाणा आहे पण चालतो: पिंकीच्या डोक्याला सुईनं छेद देऊन आतला वास बाहेर येऊ द्यायचा. शेवटचा उपाय म्हणजे पाली-सरड्याचा वास लावणं. रानात ही पिल्लं आधी सरडे आणि छोटे बेडूकच खातात, त्यामुळे उंदराचा वास त्यांना अन्नाचा वाटतोच असं नाही. पाळीव सरड्याची टाकलेली कात ओळखीच्यांकडून मिळाली तर ती पिंकीला चोळा.

वजन दहा टक्क्यांहून जास्त घटलं तर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पशुवैद्याकडे जा. जबरदस्तीनं तोंडात घालायचा प्रकार घरी करू नका, नाजूक जबडा आणि अन्ननलिका फाटू शकते.

उलटी ही न खाण्यापेक्षा गंभीर. भक्ष्य मोठं होतं, पेटी थंड होती किंवा खाल्ल्यावर कुणी उचललं, ही तीन नेहमीची कारणं. पोटातलं आम्ल आणि जंतू पूर्ववत व्हायला वेळ लागतो, म्हणून १० ते १४ दिवस काही देऊ नका, नंतर अर्ध्या आकाराचं द्या. दुसऱ्यांदा उलटी झाली तर थांबू नका, डॉक्टर गाठा.

कात

पिल्लू दर चार ते सहा आठवड्यांनी कात टाकतं. रंग मळतो, डोळे निळसर होतात, मग तीन-चार दिवस पुन्हा स्वच्छ दिसतात आणि एका रात्री मोज्यासारखी उलटलेली कात पडलेली सापडते. या काळात त्याला नीट दिसत नाही, ते चिडचिडं असतं; हाताळू नका. ओलसर स्फॅग्नम मॉस (एक प्रकारचं शेवाळ) भरलेला, दार कापलेला एक डबा पेटीत ठेवा. पडलेली कात उजेडात धरून तपासा: डोळ्यांवरच्या दोन्ही चकत्या आणि शेपटीचं टोक आलंय ना? शेपटीला उरलेलं कडं रक्त अडवतं आणि टोक मरतं. काही उरलं असेल तर कोमट ओल्या कापडासह भोकाच्या डब्यात वीस-तीस मिनिटं ठेवा, बहुधा सुटतं. डोळ्याची चकती चिमट्यानं ओढायची नाही.

हातात घेणं

सलग तीन जेवणं पोटात टिकली की मग सुरुवात करा. पाच मिनिटं, आठवड्यातून दोन-तीनदा. आधी हात धुवा, कारण हाताला उंदराचा किंवा मासळीचा वास असेल तर बोट म्हणजे जेवणच. वरून झडप घालू नका, घारीसारखं वाटतं; बाजूनं हात न्या, अंगाच्या मधोमध खालून उचला, आणि तुमच्या बोटांतून त्याला सरकू द्या. पिल्लं शेपटी थरथरवतात, खोटे हल्ले करतात, कधी उग्र वासाचा स्राव सोडतात. चावलं तरी वेल्क्रोच्या ओरखड्याइतकंच. दचकून हात झटकू नका, साप पडेल. आणि हल्ला केला म्हणून लगेच परत ठेवू नका, तो शांत झाल्यावर ठेवा. नंतर साबणानं हात धुणं सक्तीचं. सापाची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नाही.

डॉक्टरांना कधी दाखवायचं? श्वासाला शिट्टीसारखा आवाज, उघडं तोंड, नाकाशी बुडबुडे: फुप्फुसाचा संसर्ग, त्याच आठवड्यात जा. पाण्याच्या भांड्यात मिरीपुडीसारखे बुडालेले काळे ठिपके आणि साप सतत पाण्यात बसलेला: माइट्स, म्हणजे रक्त शोषणारे बारीक किडे. पोटाच्या मधल्या भागात सूज आणि वारंवार उलट्या: क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीची तपासणी करून घ्या. साप बघणारा पशुवैद्य कुठे आहे हे मात्र पिल्लू आणण्याआधीच शोधून ठेवा, प्रत्येक गावात तो नसतो.

निसटलं तर

पेटीच्या जवळून सुरुवात करा. पिल्लू बहुधा त्याच खोलीत असतं. दाराखालच्या फटी टॉवेलनं बुजवा. रेडिएटरमागे, फ्रिजच्या मोटरजवळ, पुस्तकांच्या मागे, सोफ्याच्या अस्तरात, गालिच्याच्या कडेखाली बघा. रात्री भिंतींच्या कडेनं मैदा भुरभुरवा आणि चुरगळलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या टाका. खसखस ऐकू येते आणि सकाळी माग दिसतो. खोलीत पाण्याचं भांडं आणि एक उबदार लपण जमिनीवर ठेवा.

भारतात जाताना

तीन-चार आठवड्यांच्या सुट्टीचं काय, हा प्रश्न आपल्या लोकांना हमखास पडतो. मोठ्या सापाला एखादं जेवण चुकलं तर काही होत नाही. पहिल्या वर्षातल्या पिल्लासाठी मात्र कुणीतरी हवं: दोन दिवसांआड पाणी बदलायला, तापमान बघायला आणि आठवड्यातून एक पिंकी द्यायला. निघण्याच्या निदान तीन दिवस आधी शेवटचं जेवण द्या, म्हणजे उलटी झालीच तर ती तुमच्यासमोर होईल. सांभाळणाऱ्याला तुमच्या देखत एकदा भरवायला लावा. पिंकी तारखा लिहून वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा, नसता दया येऊन एकाच आठवड्यात दोन जातात. थर्मोस्टॅटचा प्लग भिंतीला चिकटपट्टीनं बांधा आणि त्यावर मोठ्या अक्षरांत ‘बंद करू नका’ असं लिहा. व्हॅक्युम क्लीनर लावायला नेमका तोच काढला जातो.